तुमच्यातला सोपा प्रश्न

"बूट बाहेर काढ आणि टोपी घालून आत ये. टोपीत बरा दिसतोस."

साहेब असं म्हणाले तेव्हा केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत दोन पाहुणे बसले होते. दोघांच्याही पायांत बूट होते. मी माझे दाराशी काढले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, म्हणून उजवा पाय डाव्याच्या मागे घेऊन उभा राहिलो. खाली गालिचा होता. कंपनीत येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या गालिच्यावर माझा पाय पहिल्यांदाच पडला होता.

"विचारा याला," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "जगातलं काहीही विचारा."

"वॉचमनला काय विचारणार?" एक पाहुणा हसला. "गाडीचा नंबर?"

"देशाची राजधानी विचारा एखादी. अवघड."

पाहुण्याने मोबाइल काढला, त्यात शोधलं आणि विचारलं, "बुर्किना फासो."

"वागाडुगू."

त्याने मोबाइलमध्ये पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्याने सुरुवात केली. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. अंगातलं सगळ्यात लहान हाड कुठलं? कानातलं, स्टेपीस. कांदा चिरताना डोळे का चुरचुरतात? गंधक असलेला वायू सुटतो. मधुबनी चित्रं कुठल्या राज्यातली? बिहार. असे अकरा प्रश्न झाले. अकराही बरोबर आले. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"बघा! हा माझ्या गेटवर आहे. गेटवर!"

बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसे ते मला दाखवत होते. पाहुण्यांनी मान डोलावली. एकाने बशीतलं बिस्किट पुढे केलं. मी ते घेतलं.

"जा आता. गेट मोकळं पडलं असेल," साहेब म्हणाले.

बाहेर येऊन मी बूट घातले आणि बिस्किट खाल्लं. आता खोटं कशाला बोलू? मला आवडलं होतं. लई आवडलं होतं. इतक्या वर्षांत मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि मला ते येत होतं. अपमान झाला हे कळायला मला पुढे दीड वर्ष लागलं. एवढं सामान्यज्ञान असलेला माणूस, आणि स्वतःचा अपमान ओळखायला दीड वर्ष.

मी नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेटवर आहे. कंपनीचा नाही, ठेकेदाराचा माणूस. बारा तास ड्यूटी. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा, वेळ लिहायची, साखळी सोडायची, साखळी लावायची. साहेब म्हणजे कंपनीतल्या माणसांचं आणि ऑफिसचं काम बघणारे अधिकारी. त्यांना माझा शोध लागला तो असा: एकदा त्यांची गाडी गेटवर थांबली होती आणि ते फोनवर मुलीशी बोलत होते. मुलीचा शाळेचा अभ्यास चालला असावा. साहेब म्हणाले, "भारतात पहिला सूर्योदय? अरुणाचलमध्ये गं. गाव? गावाचं नाव काय बरं..." मी साखळी सोडता सोडता म्हणालो, "डोंग." साहेबांनी काच पूर्ण खाली घेतली. "तुला रे कसं माहीत?" त्यांना राग आलाय की कौतुक वाटतंय, ते कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं.

कसं माहीत, ते सांगतो.

माझं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरा गोदावरीला मिळते त्याच्या अलीकडे. आमची बौद्धांची बारा-पंधरा घरं. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. बी. ए. झाल्यावर मी नगरला आलो आणि एका अभ्यासिकेत जागा धरली. अभ्यासिका म्हणजे एक लांब हॉल, लाकडी खण पाडलेले, प्रत्येक खणात एक पोरगं आणि एक ट्यूबलाइट. माझा खण भिंतीकडचा. तिथे मी अकरा वर्षं बसलो. सकाळी एका गोडाऊनमध्ये हमाली, दुपारनंतर खण.

अकरा वर्षांत मी जग पाठ केलं. नद्या, खिंडी, विटामिनं, घटनेची कलमं, लोकनृत्यं, कुठला धातू खोलीतल्या तापमानाला पातळ असतो ते. जग मात्र एका जागी थांबत नव्हतं. मी नऊ ग्रह पाठ केले आणि मोठ्या लोकांनी बसून आठच ठेवले. राज्यं पाठ केली, ती कधी वाढली, कधी कमी झाली. आता तर आमच्या जिल्ह्याचंही नाव बदललं. माझ्या वह्यांत अजून जुनंच आहे. वह्या दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

लग्न झालं तरी अभ्यास चालू होता. बायको, सुनीता, सातवी शिकलेली. भाकरी थापता थापता ती माझी परीक्षा घ्यायची. गाईड परातीला टेकवून ठेवायची आणि वाचायची. "खालीलपैकी कोन्ती येक नदी पूर्ववाहिनी न्हाई? अ, तापी. ब..." मी उत्तर सांगायचो. ती म्हणायची, "क नाय. अ हाय. क आलं की तुमी आवाज वाढवता. तवाच कळतं मला की तुमाला येत न्हाई." आम्ही दोघं हसायचो. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्या वेळी आम्हाला वाटत होतं की हे सगळं कुठेतरी पोचणार आहे.

पोचलं नाही. एक परीक्षा पेपर फुटला म्हणून पुन्हा झाली. एकीचा निकाल कोर्टात अडकला आणि माझी उमेद त्यासोबत अडकली. आणि एका भरतीत मी एका मार्काने गेलो. परीक्षा देणाऱ्या पोरांना एक शब्द पक्का माहीत असतो: रद्द. आधी उत्तरतालिका येते, मग हरकती, मग दुसरी उत्तरतालिका. पहिल्या तालिकेत माझे मार्क पुरत होते. दुसऱ्या तालिकेत एक प्रश्न रद्द झाला, कारण पर्यायात एकच नाव दोनदा छापलं होतं. प्रश्न असा होता: क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा कोणता? दोनदा छापलेलं नाव आमच्याच जिल्ह्याचं. मला येत होतं. मी लिहिलं होतं. तो मार्क गेला आणि त्याच्याबरोबर नोकरी गेली.

वयाची त्रेचाळीस पूर्ण झाली त्या दिवशी फॉर्म भरायचा हक्कही संपला. त्याआधीच मी गेटवर लागलो होतो.

तर केबिनमधल्या त्या पहिल्या दिवसानंतर ती पद्धतच पडली. कंपनीत पाहुणे आले, चहा झाला की गेटवरचा इंटरकॉम वाजायचा. "जीकेला पाठव." जीके म्हणजे मी. कंपनीत मला दुसरं नाव उरलं नाही. कामगार जीके म्हणायचे, कॅन्टीनवाला जीके म्हणायचा, ठेकेदाराचा सुपरवायझरसुद्धा हजेरी घेताना जीके म्हणायचा. मी जायचो. बूट काढायचो, टोपी घालायचो. कुणी साप चावल्यावर काय करायचं विचारायचं, कुणी ताजमहालाचा दगड कुठून आणला विचारायचं. एकदा एका बाईंनी विचारलं, "इडलीचं पीठ का फुगतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अय्या, किती गोड!" मी बेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा.

माझ्याबरोबर गेटवर पवारमामा असायचे. भिंगारचे. लष्करातून निवृत्त झालेले, बोलायला कमी आणि तिखट. मी केबिनमधून परत आलो की ते रजिस्टरमधून मान वर न करता विचारायचे, "वाजवून आला?"

"काय मामा?"

"बटन दाबलं की वाजतूस लेका. कुनी बंद करायचं तुला?"

मला राग यायचा. मला वाटायचं मामा जळतात. त्यांना कुणी आत बोलवत नाही, म्हणून जळतात. इतका मूर्ख होतो मी.

मग स्टोअरची जागा निघाली. स्टोअरमधला जुना असिस्टंट गावी निघून गेला होता. स्टोअर म्हणजे आत बसायचं काम. खुर्ची, टेबल, संगणक. कुठला नट कुठल्या खणात आहे हे लक्षात ठेवायचं. आठ तास. आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या पटावर नाव. लक्षात ठेवायचं काम या जिल्ह्यात माझ्यापेक्षा बरं कोण करेल, असं मला वाटलं. मी साहेबांना गेटवर गाठलं.

"साहेब, स्टोअरचं माझं बघता का?"

साहेबांनी जरा विचार केला. "पुढच्या शुक्रवारी पुण्याहून मोठे साहेब येताहेत. त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय मी. नाव राख माझं. मग स्टोअरचं बघू."

एवढंच म्हणाले. मी घरी जाऊन सुनीताला सांगितलं. तिने लगेच तिच्या आईला फोन लावला. मी नको नको म्हणतोय तोवर तिकडे बातमी पोचली होती. "कंपनीत घेनार हाईत त्येंना. खुर्चीचं काम हाय." फोन ठेवून ती म्हणाली, "आता उन्हात उभं ऱ्हायचं न्हाई तुमी. पाय बगा कसे झालेत." माझ्या पायांच्या नसा फुगलेल्या. बारा तास उभं राहून होतात तशा.

तो आठवडा पुन्हा अभ्यासिकेतला आठवडा झाला. जुन्या वह्या काढल्या. चालू घडामोडींचं नवं मासिक आणलं. सुनीता पुन्हा प्रश्न विचारायला बसली. आता तिला गाईडकडे बघावंही लागत नव्हतं, अर्धे प्रश्न तिला तोंडपाठ होते. शुक्रवारी सकाळी तिने माझ्या शर्टाला इस्त्री केली. मी नवे मोजे घातले. घरातून निघताना ती म्हणाली, "घाई करू नका. ऐकून घ्या पुरतं. मंग सांगा."

त्या दिवशी केबिनमध्ये नव्हतं, मोठ्या हॉलमध्ये होतं. लांब टेबल. सहा-सात माणसं. मोठे साहेब मधोमध बसून काजू खात होते. टेबलाच्या या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्यामागे उभा राहिलो.

सुरुवात छान झाली. कळसूबाई कुठल्या तालुक्यात? अकोले. देशातली पहिली प्रवासी रेल्वे? बोरीबंदर ते ठाणे, अठराशे त्रेपन्न. दुधाचं दही कशामुळे होतं? लॅक्टोबॅसिलस. रक्त लाल का? हिमोग्लोबिन. मी सुनीताने सांगितल्याप्रमाणे पुरतं ऐकून घेत होतो. आमचे साहेब खुर्चीत मागे रेलले होते आणि प्रत्येक उत्तराला इकडे तिकडे बघत होते. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "एवढं येतं तर हा गेटवर का?"

विचारलं ते साहेबांना. मी तिथेच उभा होतो.

"परीक्षा देत होता, सर. लागला नाही."

"आडनाव काय याचं?"

साहेबांनी सांगितलं. दीड वर्षात त्यांच्या तोंडून माझं आडनाव मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटत होतं त्यांना ते माहीतच नाही. चांगलं माहीत होतं.

"मग?" मोठे साहेब म्हणाले. "यांना तर सवलत असते ना? सवलत असून नाही लागला?"

टेबलावर थोडं हसू फिरलं. एकाने मला विचारलं, "किती मार्कांनी गेलं?"

"एका, सर."

"एका मार्काने! आमच्या पोरांना पंचाण्णव टक्के पडून कुठे काही मिळत नाही. आणि यांचं एका मार्काने जातं."

रद्द झालेल्या प्रश्नाचं मी सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण मोठ्या साहेबांनी पुढचा काजू उचलला आणि म्हणाले, "बरं, सोपं विचारू. पाण्याचं रासायनिक सूत्र?"

"एच टू ओ."

"कशाचं?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून मी नीट, मोठ्याने सांगितलं, "पान्याचं, सर. पान्याचं सूत्र एच टू ओ."

आणि हॉल फुटला. सगळे हसले. आमचे साहेबही हसले. एकाने तर टेबलावर डोकं टेकलं.

"पान्याचं! अरे, नट खोलायचा पाना का? पाण्याचं म्हण. ण. बाणातला ण."

"पान्याचं."

"ण रे, ण! जीभ वर लाव. म्हण, पा-णी."

"पा-नी."

"वागाडुगू येतं आणि पाणी येत नाही! परत म्हण."

मला ण म्हणता येतो. ठरवून म्हटला की येतो. आमच्या गावात तो कुणी म्हणत नाही, माझ्या आईने जन्मात म्हटला नाही, पण शाळेत मास्तरांनी पट्टी मारून शिकवलाय. त्या हॉलमध्ये मात्र जीभ जड झाली. तीनदा म्हणायला लावलं, तीनदा न आला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, टोपी घालून, नव्या मोज्यांत, सात जणांसमोर पहिलीतल्या पोरासारखा अक्षर गिरवत होता. चौथ्यांदा ण आला.

"पाणी."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्या एकाही उत्तराला त्या दिवशी टाळी पडली नव्हती.

मला वाटलं आता सोडतील. मी साहेबांकडे पाहिलं. ते मोठ्या साहेबांकडे बघत होते. मोठ्या साहेबांनी हात पुसले.

"चल, आता तुमच्यातला सोपा प्रश्न. पाण्यावरूनच. चवदार तळ्याचा सत्याग्रह कुठल्या साली?"

तुमच्यातला.

माझ्या डोक्यात उत्तर त्यांचं वाक्य संपायच्या आधी आलं होतं. एकोणीसशे सत्तावीस. मार्च महिना, वीस तारीख. महाड. परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न असतो, खाली चार सालं देतात आणि पोरं चुकतात. सुनीताने तो मला कधी विचारला नाही. आमच्या घरात हा प्रश्न विचारायची गरज नसते. माझे आजोबा गावच्या विहिरीच्या पायरीखाली घागर घेऊन उभे राहायचे. कुणी वरून ओतलं तर भरायची, नाही तर तासभर उभं राहून रिकामी घेऊन परत. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, ओट्यावर बसून, हसत. ते हसत का होते ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आणि आता हा माणूस काजूचे हात पुसून ते मला करमणुकीला विचारत होता. आत्ताच त्याने मला पाणी म्हणायला लावलं होतं, आणि लगेच हा प्रश्न.

मी म्हणालो, "म्हाईत न्हाई."

हसण्याचा नवा लोट आला. "घ्या! जगाचं माहीत, स्वतःचंच माहीत नाही!"

आमचे साहेब पुढे वाकले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "अरे, काय करतोस? हे तर तुमच्यातल्या लहान पोराला येतं. सांग पटकन. स्टोअरचं लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती. सुनीता फोनवर बोलताना जशी दिसत होती तशी दिसली. एक साल सांगायचं होतं. चार आकडे. पण त्याहून वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. मी म्हणालो होतो की मला माहीत नाही. तेच एक उत्तर मी नाकारलं होतं, आणि तेही खोटं बोलून, भिऊन. असली लाज मला भोकाच्या मोज्याचीही वाटली नव्हती.

मी टोपी काढली. खुर्चीवर ठेवली.

"म्हाईत हाय, साहेब. पन सांगनार न्हाई."

"काय?"

"सांगनार न्हाई."

मोठे साहेब आमच्या साहेबांना म्हणाले, "माज बघा." आमचे साहेब मला म्हणाले, "बाहेर हो." मी बाहेर झालो. बुटांत पाय घातले, नाड्या बांधायला थांबलो नाही. तसाच, नाड्या ओढत गेटपर्यंत आलो.

पवारमामांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी नाही, नाड्या सुटलेल्या.

"काय झालं?"

मी सांगितलं. मामांनी रजिस्टरमध्ये पेन ठेवलं. मग म्हणाले, "स्टोअर गेलं म्हन की."

"गेलं."

"व्हय. गेलंच ते." त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि आलेल्या टेम्पोचा नंबर लिहायला घेतला.

घरी सांगायचं होतं. सुनीता कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं, अगदी न आणि ण सुद्धा. ती मळायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "आईला सांगून बसलेय मी. आता काय सांगू तिला?"

मी नवे मोजे काढून हातात धरले.

"येक साल सांगितलं आस्तं तर काय झिजलं आस्तं तुमचं? सत्तावीस. मला बी म्हाईत हाय. मी तर सांगितलं आस्तं." तिचा आवाज फुटला. "तुमच्या पायाकडं बगून सांगितलं आस्तं."

तिचं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. ती रडली आणि मी शेजारी बसून राहिलो.

सोमवारी सुपरवायझरने मला मागच्या गेटवर टाकलं. तिकडून फक्त भंगाराच्या गाड्या जातात. डोक्यावर पत्रा नाही, स्टूल नाही, पाण्याचा माठ नाही. स्टोअरमध्ये एका सुपरवायझरचा मेहुणा लागला. जीके म्हणणारे कमी झाले. "आला माजुरडा," असं म्हणणारे दोघं-तिघं निघाले, त्यातला एक आमच्यातलाच. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुज्या पायी आमचं बी नाव खराब." मला वाटलं होतं एकजण तरी पाठीवर हात ठेवेल. कुणी ठेवला नाही. खरं सांगायचं तर मी त्या आठवड्यात दोनदा ठरवलं होतं, साहेबांकडे जाऊन माफी मागू. एकदा ऑफिसच्या पायरीपर्यंत गेलोही. परत आलो, पण ते धैर्याने नाही. साहेब सुट्टीवर होते म्हणून.

सात महिने गेले. मेहुण्याला स्टोअर जमेना. खण चुकायचे, माल चुकायचा. तो सोडून गेला. आणि एके दिवशी साहेब स्वतः मागच्या गेटवर आले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "मीही विसरलो, तूही विसर. गुरुवारी बंगलोरचे पाहुणे आहेत. मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे एक नमुना आहे म्हणून. ये. स्टोअर परत रिकामं आहे, माहिती आहे ना तुला?"

"माहिती हाय."

"मग? ये गुरुवारी. आणि या वेळी नाटकं नकोत."

घरी सुनीताला सांगितलं. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मी पाहिलं. "जा की येकदा," ती म्हणाली. "न्हाई इचारनार ते तसलं परत. बंगलोरचे हाईत." रविवारी मी टेबल म्हणून वापरतो ती पेटी पुढे ओढली आणि कागद घेतला. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, अर्ज मात्र नेहमी छापीलच भरले. हा पहिला अर्ज मी स्वतःच्या शब्दांत लिहिला.

"विषय: स्टोअर असिस्टंट पदासाठी लेखी परीक्षा घेण्याबाबत. महोदय, सदर जागेसाठी मी इच्छुक आहे. माझी पात्रता तपासावयाची असल्यास इतर सर्व इच्छुकांसोबत माझी स्टोअरच्या कामावर लेखी परीक्षा घ्यावी. पाहुण्यांसमोर तोंडी प्रश्नांना मी यापुढे हजर राहणार नाही."

खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.

साहेबांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. "स्टोअरच्या जागेसाठी लेखी परीक्षा? डोकं फिरलंय का तुझं? एवढं सरळ देतोय ते घे ना."

"सगळ्यांची घ्या, साहेब. मी बी बसतो."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. आवक खिडकीवरच्या क्लार्कनेही शिक्का मारला नाही. म्हणाला, "साहेबांनी नको सांगितलंय." गुरुवारी इंटरकॉम वाजला, मी गेलो नाही. तीनदा वाजला. सुपरवायझर बोलवायला आला, मी भंगाराची गाडी मोजत होतो, मोजत राहिलो. स्टोअरमध्ये आता बाहेरून कुणीतरी आणलाय. सुनीता चांगल्या तोंडाने बोलते, पण कंपनीचं नाव काढत नाही. माझे पाय आता संध्याकाळी बुटात मावत नाहीत.

मला काही मिळणार नाही, हे मला स्पष्ट दिसतं. कुणी परीक्षा घेणार नाही. वय संपलं, सरकारी फॉर्म संपले, ही जागाही गेली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तोच अर्ज नव्या तारखेने लिहून खिडकीवर नेतो. पाच वेळा नेला, पाच वेळा परत आला. सहावा नेणार आहे. कामावरून काढलं तर पोस्टाने पाठवीन.

आणि एक. ज्याला खरंच गरज आहे, ज्याला फॉर्म भरायचाय, ज्याला पेपर द्यायचाय, त्याने शेजारी बसून विचारावं, मला येतं तेवढं सगळं मी देईन. पण ज्याला फक्त गंमत बघायचीय, त्याला यापुढे मी पृथ्वी गोल आहे एवढंसुद्धा सांगनार न्हाई.